प्रवासवर्णनातील सहप्रवासी : पन्हाळ्याची एक पायी फेरी

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• प्रवासवर्णनातील सहप्रवाशाचे कार्य स्पष्ट करता येईल.
• पाहिलेले, ऐकलेले आणि तर्काने जाणलेले यांतील भेद भाषेतून दाखवता येईल.
• आपल्या एखाद्या लहान प्रवासाचे वर्णन लिहिता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, प्रवासवर्णनाचा विचार करताना आपण स्थळ आणि ते पाहणारा लेखक या दोहोंचाच विचार करतो. सहप्रवासी बहुधा दुर्लक्षित राहतो. १९०७ साली प्रकाशित झालेल्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये लेखकासोबत त्यांचे काका आहेत, म्हणजे सोबत आप्ताची आहे. आजचा प्रवासी मात्र पाठीवर पिशवी अडकवून एकटा निघतो आणि वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसांबरोबर शहर पाहतो. पेरू देशातील कुस्को या इंकांच्या जुन्या राजधानीत जगभरचे तरुण असेच हिंडतात. आपल्याकडे दर पावसाळ्यात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे जाणाऱ्या पदभ्रमण मोहिमांतही अशा नव्या ओळखी होतात.

विषय-विवेचन
कुस्कोत इंकांच्या दगडी भिंतींवर स्पॅनिशांनी बांधलेला मठ उभा आहे. पन्हाळाही असाच थरांचा आहे. शिलाहार राजा दुसरा भोज, आदिलशाही, मराठे आणि इंग्रज या सर्वांच्या खुणा तेथे आहेत. शिवाय तो ओसाड किल्ला नव्हे; ते नांदते गाव आहे. असे स्थळ एकट्याच्या दृष्टीला पुरेसे दिसत नाही. पुढील उतारा याच घटकासाठी रचला आहे. तो लक्षपूर्वक वाचा.

“कोल्हापूरहून सुटलेल्या एस.टी.त आम्ही चौघे एकमेकांना अनोळखी होतो. तीन दरवाज्यापाशी पावसाने गाठले आणि त्याच्या आडोशाला ओळख झाली. सांगलीकडच्या एक शेतकरी बाई, इचलकरंजीचा एक यंत्रमाग कामगार, मोरोपंतांचे जन्मगाव पाहायला आलेले एक निवृत्त गुरुजी आणि मी. पुढे अंबरखान्यात गंगा कोठीसमोर उभा राहून मी वहीत ‘भव्य वास्तू’ असे लिहीत होतो. बाई बाहेरच्या पायऱ्यांनी छतावर गेल्या आणि तिथली चौकोनी भोके पाहून म्हणाल्या, ‘भाऊ, धान्य खालनं न्हाई, हितनं ओतत असतील. आमच्याकडं हळदीच्या पेवाचं तोंडबी वरच असतंय.’ मी ‘भव्य’ हा शब्द खोडला आणि त्यांचे वाक्य लिहून घेतले. शिवा काशिद यांच्या पुतळ्यापाशी कामगार बराच वेळ थांबला. म्हणाला, ‘महाराजांचा वेश घालून गेला त्या रात्री, त्याच्या घरच्यांना ठाऊक असंल का?’ गुरुजी काही बोलले नाहीत. पावसात आम्ही तसेच उभे राहिलो.”

या उताऱ्यातील सहप्रवासी केवळ सोबतीला नाहीत. बाईंना धान्य साठवण्याचा अनुभव आहे, म्हणून कोठीची रचना त्यांना कळते. कामगाराला इतिहासातील माणसामागचे घर दिसते. लेखकाची विशेषणे जिथे थांबतात, तिथून त्यांचे पाहणे सुरू होते.

आता भाषेकडे वळू. अशा वर्णनात चार प्रकारची विधाने येतात.

(अ) पाहिलेले : ‘छताला चौकोनी भोके आहेत.’ येथे ‘आहे’, ‘होते’ ही रूपे पुरतात.
(आ) ऐकलेले : ‘संभाजीराजांना सज्जाकोठीत ठेवले होते, असे सांगतात.’ ‘सांगतात’, ‘म्हणे’ हे शब्द विधानाचा भार सांगणाऱ्यावर ठेवतात.
(इ) तर्क : ‘धान्य वरून ओतत असावेत.’ ‘असावे’ या रूपातून अनुमान व्यक्त होते.
(ई) अभ्यासाने जाणलेले : ‘१६६० साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला.’ ‘१८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला.’ ‘मोरोपंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यावर झाला.’ अशी विधाने ग्रंथांतून पडताळूनच करावीत.

‘म्हणे’ गाळले की ऐकीव गोष्ट इतिहासाच्या रूपाने पुढे जाते. ‘असावे’ गाळले की आपला तर्क वाचकाला वस्तुस्थिती वाटतो. सहप्रवाशालाच गाळले, तर त्याची दृष्टी लेखकाच्या नावावर जमा होते. शेतकरी बाईंचे निरीक्षण ‘माझ्या लक्षात आले’ असे लिहिणे सोपे होते. परंतु ते खरे ठरले नसते. ज्या स्थळाविषयी वाचकाच्या मनात आधीच आदर आणि अभिमान आहे, तेथे हा मोह अधिक होतो आणि म्हणून दक्षताही अधिक हवी.

सारांश
नवे सोबती लेखकाला स्वतःच्या दृष्टीची मर्यादा दाखवतात. कोणी काय पाहिले, कोणाकडून काय ऐकले आणि काय तर्काने ठरवले, याचा हिशेब चोख ठेवणे हे प्रवासवर्णनाचे पहिले कर्तव्य होय.

स्वाध्याय
१. उताऱ्यातील लेखकाने ‘भव्य’ हा शब्द का खोडला असावा? पाच ओळींत लिहा.
२. ‘म्हणे’ आणि ‘असावे’ यांच्या उपयोगातील भेद स्वतःची उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
३. नोकरी, शेती वा घरकाम यांमुळे दूरचा प्रवास शक्य नसेल, तर आपल्या गावातील एखादी जुनी वास्तू तिची माहिती असलेल्या व्यक्तीसोबत पाहा. त्या फेरीचे दोनशे शब्दांत वर्णन करा आणि वरील चारही प्रकारची विधाने अधोरेखित करा.