कोळ्यावर आलेला आळ

पावसाळ्याच्या दिवसांत सकाळी उठून आरशात पाहावे, तो मानेवर लालभडक पट्टा उठलेला असतो. आग आग होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बारीक फोड येतात. घरातील वडील मंडळी लगेच निदान करून मोकळी होतात : "रात्री अंगावरून कोळी फिरला." इंदूर-ग्वाल्हेरकडे शेजारच्या हिंदी भाषिक घरांतही दोष मकडीलाच मिळतो. कोळी बिचारा बहुधा निरपराध असतो. पण त्याचे नाव निघाले की खऱ्या कारणाचा शोध थांबतो, आणि त्यात नुकसान होते ते रोग्याचे.

वर सांगितलेला पट्टा बहुतेक वेळा पीडेरस नावाच्या किड्याचा असतो. जेमतेम एक सेंटिमीटर लांब, बारीक, काळ्या व नारिंगी पट्ट्यांचा हा किडा दिव्याच्या उजेडाला येतो. तो चावत नाही की डंख मारीत नाही. झोपेत आपल्या हाताखाली तो चिरडला की त्याच्या अंगातील दाहक द्रव कातडीवर पसरतो, आणि साधारण एका दिवसाने आग सुरू होते. हात जिकडे फिरला तिकडे पट्टा उमटतो. कोपराच्या घडीत तर वरच्या व खालच्या कातडीवर समोरासमोर एकसारखे डाग दिसतात. ही खूण फार उपयोगी आहे. असा किडा अंगावर दिसला तर मारू नये, फुंकून उडवावा. चिरडलाच तर जागा साबणाने धुवावी आणि तो हात डोळ्याला लावू नये.

नागिणीचे फोडही पुष्कळदा कोळ्याच्या नावावर खपतात. पण नागिणीत फोडांच्या आधी दोन-चार दिवस ठणका असतो, आणि फोड शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्याने येतात. नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत खोटी आहे. रोग एका बाजूच्या मज्जातंतूचा असल्याने ती बहुधा मध्यरेषा ओलांडतच नाही. मात्र औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालेले बरे. फोड डोळ्याजवळ असतील तर लेप लावीत घरी बसणे म्हणजे दृष्टीशी खेळ होय.

मधमाशी किंवा गांधीलमाशीने डंख मारल्यावर हात दोन दिवस सुजत जातो आणि खाजतो. ही सूज पुवाची नव्हे, ती हळूहळू उतरते. पण दोन-तीन दिवसांनंतर खाज जाऊन ठणका वाढला, ताप आला, लाली पसरू लागली, तर जंतूंचा शिरकाव झाला असे समजावे. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवावी, म्हणजे ती पसरते की काय ते कळते. मधुमेही माणसाने तर वाटच पाहू नये. डंखानंतर काही मिनिटांतच अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, घसा आवळला, चक्कर आली, तर कांदा चोळण्यात वेळ न दवडता रोग्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. तेथे अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन प्राण वाचविते.

ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत त्यांनी तेथील तपकिरी कोळ्याविषयी ऐकले असेल. त्याच्या विषाने कातडी काळी पडून सडू शकते, हे खरे. परंतु २००१ साली कॅन्सस राज्यातील एका घरात सहा महिन्यांत असे २०५५ कोळी पकडले गेले, आणि घरातील चौघांपैकी एकालाही दंश झालेला नव्हता. उलट त्याच साली न्यूयॉर्कमध्ये सात महिन्यांच्या बालकाच्या हातावरील जखम आरंभी कोळ्याच्या दंशाची समजली गेली, ती निघाली अँथ्रॅक्सची. कोळी चावला असे निश्चित म्हणावयाचे, तर तो चावताना दिसलेला असावा आणि जाणकाराने ओळखलेला असावा.

आता ज्या खुणेसाठी हा लेख लिहिला तिच्याकडे वळू. झुडपांत व उंच गवतात माइट नावाच्या सूक्ष्म किड्याची पिल्ले असतात. त्यांचा दंश दुखत नाही, म्हणून कळतही नाही. पुढे त्या जागी विडीचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. भोवती लाल कड असते, वेदना नसते. दंशानंतर साधारण दहा दिवसांनी जोराचा ताप व डोकेदुखी सुरू होते. हाच स्क्रब टायफस. गोव्यात तो आढळला आहे. २०१८ साली विदर्भात त्याने बळीही घेतले. डॉक्सिसायक्लीन हे साधे, स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर बेतते. पेनिसिलीनच्या जातीची औषधे येथे निरुपयोगी. पहिल्या आठवड्यात रक्ताची तपासणी फसवी ठरू शकते, म्हणून खपलीला एवढे महत्त्व.

खपली प्रत्येकाला असतेच असे नाही. असली तरी ती काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनांखाली लपलेली असते. आपल्याकडे बायका संकोचाने दाखवीत नाहीत, डॉक्टरही संकोचाने पाहत नाहीत, आणि मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड यांच्या तपासण्यांत आठवडा निघून जातो. पावसाळ्यानंतरच्या तापात घरच्याच बाईने न्हाणीघरात रोगिणीचे अंग नीट पाहावे. लहान मुलाचे आईने डोक्याच्या केसांपर्यंत पाहावे. काळी खपली दिसली तर ती उचकटू नये, डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन दाखवावी, आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत शेतात, रानात किंवा गवतात गेलो होतो काय, तेही सांगावे.