हे झाड कुठले?

विद्यार्थी मित्रांनो, पावसाळा संपला की गावाबाहेरच्या माळावर किंवा टेकडीवर एकदा जाऊन या. तेथील बरीच झाडे तुमच्या ओळखीची निघतील. घरी तुम्ही ज्यांना इमली, ढाक, बबूल आणि शरीफा म्हणता, त्यांनाच मराठीत चिंच, पळस, बाभूळ आणि सीताफळ म्हणतात. या चारांपैकी दोन झाडे मूळची आपल्या देशातील आहेत. उरलेली दोन समुद्रापलीकडून आलेली आहेत. कोणती, ते ओळखता येईल का? रानात उभी असताना तर चारही सारखीच आपली वाटतात. उत्तर लगेच सांगत नाही. आधी झाड ओळखायचे कसे, ते पाहू.

झाड ओळखताना प्रथम पान पाहावे. पण पान कशाला म्हणायचे, येथेच पुष्कळांची चूक होते. कडुनिंबाची एक काडी हातात घ्या. तिच्यावर दोन्ही बाजूंना जी छोटी छोटी पाने दिसतात, ती खरे तर पाने नव्हेत. ती एकाच पानाची दले आहेत. अशा पानाला संयुक्त पान म्हणतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. पानाचा देठ जेथे फांदीला चिकटतो, तेथल्या बेचक्यात एक बारीक कोंब असतो. दलाच्या मुळाशी असा कोंब नसतो.

पळसाचे पान असेच संयुक्त असते. त्याला तीन दले असतात. मराठीत म्हण आहे, 'पळसाला पाने तीनच'. तुमच्या उर्दूतही 'ढाक के तीन पात' म्हणतात. दोन्ही भाषांतील जुन्या माणसांनी झाड नीट पाहिले होते, यात शंका नाही. मात्र तीन दले दिसली की लगेच वहीत 'पळस' असे लिहू नका. पांगाऱ्यालाही तीनच दले असतात. मग खोडाकडे पाहा. पांगाऱ्याच्या खोडावर व फांद्यांवर काटे असतात, पळसाच्या नसतात. पळसाचे दल जाड, चिवट आणि गोलसर असते. पांगाऱ्याचे दल टोकाकडे निमुळते होत जाते. एका खुणेवर विसंबू नये. पान, खोड, फूल आणि शेंग यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

बाभळीच्या बाबतीत तर फारच सावध राहावे लागते. आपल्या माळावर बाभूळ नावाची तीन झाडे भेटतात आणि तिघांचीही पाने बारीक दलांची असतात. खऱ्या बाभळीची फुले पिवळी, गोल आणि सुगंधी असतात. तिचे पांढरे, सरळ काटे जोडीने येतात. तिची शेंग तर एकदा पाहिली की विसरत नाही. दोन बियांच्या मध्ये ती आवळलेली असते, त्यामुळे तसबीहचे मणी ओवल्यासारखी दिसते. दुसरी वेडी बाभूळ. तिची फुले गोल नसतात. फिकट पिवळ्या रंगाचे लांब तुरे लोंबत असतात. तिच्या शेंगा पिवळसर व गोड असून मण्यांसारख्या आवळलेल्या नसतात. तिसरी सुबाभूळ. तिला काटे मुळीच नसतात. फुले गोल, पण पांढरी असतात आणि चपट्या तपकिरी शेंगांचे घोसच्या घोस झाडावर वाळत राहतात.

आता दुसरा प्रश्न: झाड कुठले? येथे तीन गट करावेत. जी झाडे माणसाने न आणता पूर्वीपासून येथे वाढत आली, ती मूळची. पळस, पांगारा, वड, उंबर, साग, बहावा आणि खरी बाभूळ ही झाडे या गटात येतात. जी झाडे बाहेरून आली, पण आता कोणी न लावता, कोणी पाणी न घालता आपोआप उगवतात, ती रुळलेली. आणि जी माणूस लावील तेथेच उभी राहतात, ती केवळ लावलेली. रुळलेले झाड ओळखायचे तर वर पाहू नका, खाली पाहा. त्याच्या आसपास वितभर उंचीची, गुडघाभर उंचीची, पुरुषभर उंचीची अशी निरनिराळ्या वयांची रोपे अस्ताव्यस्त उगवली असतील, तर ते झाड तेथे रुळले आहे. सगळी झाडे एका रांगेत, एकाच उंचीची असतील, तर ती कोणीतरी लावलेली आहेत.

नावावरून मात्र मूळ ठरवू नये. अरबीत चिंचेला 'तमर हिंदी' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानची खजूर. इंग्रजीतले टॅमरिंड हे नाव यावरूनच आले. पुढे 1753 मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तिच्या शास्त्रीय नावाला 'इंडिका' हा शब्द जोडला. दोन्ही नावांत हिंदुस्थान आहे, पण झाड मूळचे आफ्रिकेतील आहे! ते आपल्याकडे इतक्या प्राचीन काळी आले की चिंचेशिवाय आपल्या आमटीची कल्पनाही करता येत नाही. उलट विलायती चिंचेच्या नावात 'विलायत' आहे, पण ती इंग्लंडची नव्हे. तुम्ही जिला जंगल जलेबी म्हणता, तीच ही. वेटोळ्या शेंगा, आत पांढरा-गुलाबी गर आणि काळ्या बिया. ती मेक्सिको व मध्य अमेरिकेकडची. सुबाभूळही तिकडचीच, मात्र तिचे नाव ऐकून ते कळत नाही.

तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: पळस आणि बाभूळ मूळची, चिंच आणि सीताफळ बाहेरची. सीताफळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील आहे. आज बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरांवर ते रानोमाळ उगवते. शेळ्या त्याच्या पानांना तोंड लावत नाहीत, म्हणून खडकाळ, चराईच्या जमिनीवरही ते टिकते. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परदेशी झाडाला येथील जिल्ह्याच्या नावाने ओळख मिळाली, हे मला फार बोलके वाटते.

सगळ्याच रुळलेल्या झाडांबद्दल असे म्हणता येत नाही. वेडी बाभूळ अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकात आली. कच्छमधील बन्नी या गवताळ प्रदेशात, खारी जमीन पसरू नये म्हणून, 1960 नंतरच्या दशकात ती मुद्दाम लावली गेली. गुरांनी गोड शेंगा खाल्ल्या. शेणातून बिया दूरवर गेल्या. तिच्या दाट झाडोऱ्यात गवत वाढेना, आणि गुरे पाळणारी माणसे अडचणीत आली. गुजरातीतही तिला वेडी बाभूळ अशाच अर्थाचे नाव आहे. तरीसुद्धा तेथील कित्येक कुटुंबे तिच्याच लाकडाचा कोळसा विकून पोट भरतात. म्हणून एखादे झाड बाहेरून आले एवढ्यावरून त्याला चांगले किंवा वाईट म्हणू नका. ते येथे येऊन काय करते, त्याच्या सावलीत दुसरे काय जगते, हे पाहून वहीत नोंद करा.

पुण्याच्या टेकड्यांवर लावलेले गिरिपुष्प असेच पाहण्यासारखे आहे. जानेवारी-फेब्रुवारीत पाने गळाल्यावर ते फिकट गुलाबी फुलांनी भरून जाते. दिसते सुंदर, पण त्याला उंदीरमारी असेही म्हणतात. त्याची साल, पाने व बिया विषारी असतात. तेव्हा अनोळखी झाडाचे काहीही तोंडात घालू नका.

एक झाड तुमच्यासाठी ठेवतो. हत्तीसारखे प्रचंड खोड आणि हाताच्या पंजासारखी पसरलेली पाच-सात दले असे झाड एखाद्या किल्ल्याजवळ किंवा जुन्या दर्ग्याजवळ दिसले, तर ती गोरखचिंच असेल. मध्य प्रदेशात तिला 'मांडू की इमली' म्हणतात. नावात चिंच असली तरी ती चिंचेच्या कुळातील नाही. तीही आफ्रिकेचीच. ती शेकडो वर्षे जगते. तिच्याभोवती एक फेरी मारा आणि तिची लहान रोपे कुठे दिसतात का, ते शोधा. बहुधा एकही सापडणार नाही. मग वहीत तारीख टाका, गावाचे नाव लिहा आणि पुढे लिहा: 'लावलेले'.