ट्रॅक्टरच्या एसी कंप्रेसरमधील गॅसगळती कशी ओळखावी?

वातानुकूलित केबिनचा ट्रॅक्टर वापरणारे शेतकरी बंधू दरवर्षी एसीत गॅस भरून घेतात. हा खर्च वाया जातो. यंत्रणा बंदिस्त असल्याने वर्षभरात गॅस संपला म्हणजे गळती आहे असेच समजावे. गॅसबरोबर तेलही जाते आणि वंगणाअभावी कंप्रेसर जाम होतो.

इंजिन बंद व थंड असताना कंप्रेसरच्या क्लचमागील भाग आणि पाइपांचे जोड पाहावेत. धूळ धरलेला तेलकट डाग ही पहिली खूण. डाग पुसून साबणाचे दाट पाणी लावावे व बुडबुडे येतात का पाहावे. आर-१३४ए गॅस पुरेसा शिल्लक असल्यास ३० अंश सेल्सिअसला बंद यंत्रणेत सर्वत्र दर चौरस इंचाला सुमारे ९५ पौंड दाब असतो. एसी चालू असताना एका बाजूचा दाब बराच उतरतो व तेथील गळती लपते. शाफ्टच्या सीलची बारीक गळती मात्र साबणाने सहसा सापडत नाही. त्यासाठी मेकॅनिककडील इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरच हवा.

जोड स्वतः सैल करू नयेत. उडालेल्या द्रव गॅसने डोळ्यांना व कातडीला गंभीर इजा होते. ज्योतीने तपासणे तर टाळावेच, त्यातून विषारी वायू निघतात.

ट्रॅक्टर उभा असेल तेव्हाही पंधरवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे सीलला तेल मिळत राहते.