गाजरगवत

रेल्वेच्या रुळांच्या कडेला, पडक्या वाड्याच्या अंगणात किंवा गावाबाहेरच्या उकिरड्यावर पावसाळ्यात माजलेले एक झुडूप तुम्ही खचित पाहिले असेल. त्याची पाने गाजराच्या पानांप्रमाणे कातरलेली असतात आणि शेंड्यांवर साबुदाण्याएवढी पांढरी फुले झुबक्यांनी येतात. हेच गाजरगवत. कोणी त्यास काँग्रेस गवत म्हणतात, तर कोणी चटकचांदणी. नावातल्या चांदणीवर मात्र भुलू नये. खरे पाहता हे गवतही नव्हे. सूर्यफूल, झेंडू आणि शेवंती ज्या कुळातील, त्याच कुळातील ही एक वनस्पती आहे.

हिचे मूळ स्थान मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा उष्ण अमेरिकी प्रदेश. आपल्याकडे १९५५ साली पुण्यात ती अभ्यासकांच्या नजरेस आली. परदेशातून आणलेल्या गव्हाबरोबर तिचे बी येथे पोहोचले असावे, असे सामान्यतः मानले जाते. पुढे थोड्याच दशकांत काश्मीरपासून केरळपर्यंत तिने आपले बस्तान बसविले. मायभूमीत जी वनस्पती इतर झाडाझुडपांत एक होऊन राहते, ती परमुलखात एवढी शिरजोर का व्हावी? ह्याचे एक मोठे कारण असे की, तेथे तिच्यावर उपजीविका करणारे कीटक आणि तिला जडणारे रोग आहेत. बी समुद्र ओलांडून आले. हे शत्रू मात्र मागे राहिले.

शिवाय तिची वाढ विलक्षण वेगाने होते. रोप उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते. चांगले वाढलेले एकच झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया देऊ शकते. बी इतके बारीक व हलके, की ते वाऱ्याने उडते, ओढ्याच्या पाण्याने वाहते, गाडीच्या चाकांना लागलेल्या चिखलातून परगावी जाते. जमिनीत गाडले गेले, तर ते काही वर्षे जिवंत राहते. तिच्या अंगच्या द्रव्यांमुळे शेजारची रोपे खुरटतात. गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत, आणि वैरणीतून ती पोटात गेलीच तर दुधाला कडवट चव येते.

माणसासही तिचा उपद्रव कमी नाही. ह्या ठिकाणी मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. मी तरुण शिक्षक असताना आमच्या शाळेच्या आवारात हे गवत फार माजले होते. सहामाही परीक्षेनंतर मी मुलांचे श्रमदान ठरविले. तेव्हा ऑक्टोबर महिना होता, झाडे फुलांनी पांढरी झाली होती. आम्ही ती उपटली, भारे बांधले आणि विहिरीपासून कुंपणापर्यंत ओढत नेऊन टाकली. मैदान स्वच्छ झाले म्हणून मी मनात फार सुखावलो. पुढच्या जून महिन्यात पहिला पाऊस झाला आणि विहिरीपासून कुंपणापर्यंत, ज्या वाटेने भारे ओढले होते नेमक्या त्याच वाटेने, कोवळ्या रोपांची हिरवी रेघ उमटली! आम्ही गवत काढले नव्हते, पेरले होते.

त्याहून वाईट गोष्ट निराळीच. बागेची आवड असलेले आमचे शिपाईमामा हे गवत नेहमीच उघड्या हातांनी उपटीत. काही पावसाळे त्यांना काहीच झाले नाही. मग पापण्या, मान आणि कोपरांच्या खळग्या खाजू लागल्या. प्रत्येक हंगामात हा त्रास वाढत गेला. ह्या वनस्पतीतील पार्थेनिन नावाचे द्रव्य कातडीस बाधते, आणि एकदा बाधले की नुसत्या स्पर्शानेही विकार उसळतो, असे डॉक्टरांनी आम्हांला समजाविले. परागांमुळे कित्येकांना शिंका व दम्याचाही त्रास होतो. मामांना खुरपे खाली ठेवावे लागले.

तेव्हा हे काम कसे करावे? फुले येण्यापूर्वी करावे, जमीन ओली असताना झाड मुळासकट काढावे, हातात मोजे घालावेत आणि नाकातोंडावर फडके बांधावे. फुलावर न आलेली झाडे खड्ड्यात कुजवून त्यांचे उत्तम खत होते. बी धरलेल्या झाडांचे खत शेतात नेणे म्हणजे संकट वाहून नेणे. मोकळ्या जागेत तरोट्याचे बी टाकले तर त्याची दाट वाढ गाजरगवतास दाबून टाकते. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट ह्या आठवड्यात देशभर ह्याविषयी जागृती केली जाते. ही वेळ ठीकच. परंतु माझ्या मते आमच्याकडे जुलैतच हात लावलेला बरा.

मागे राहिलेल्या शत्रूंपैकी एकास शास्त्रज्ञांनी मुद्दाम येथे आणले. पांढुरक्या पाठीवर तपकिरी रेघा असलेला हा मेक्सिकन भुंगा १९८३ साली बंगळूर येथे आणण्यात आला आणि चाचण्यांनंतर मोकळा सोडण्यात आला. तो व त्याच्या अळ्या पावसाळ्यात ह्या झाडांची पाने फस्त करतात. कोरड्या दिवसांत तो जमिनीत निपचित पडून राहतो. पुढे हे भुंगे सूर्यफुलावर दिसले, तेव्हा शेतकरी घाबरले आणि मोठा वाद झाला. चौकशीत असे आढळले की, सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे पराग पडले होते आणि त्यांच्या ओढीने भुंगे तेथे आले होते. ती भीती अनाठायी ठरली. पण परका जीव आणताना किती सावध असावे लागते, हे त्या वादाने दाखविले.

म्हणूनच बाहेरून येणारे धान्य, बियाणे व रोपे बंदरांवर तपासली जातात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात वाहने व शेतीची यंत्रे धुण्यासाठी खास ठिकाणे आहेत, ती अशा तणांचे बी पुढे जाऊ नये म्हणूनच. आपल्या गावातही रोपवाटिकेतून आलेली माती, परगावचे शेणखत आणि मळणीयंत्र ह्यांच्याकडे एकदा निरखून पाहावे.

आमच्या शाळेतील ती हिरवी रेघ आम्ही दर जुलैत उपटीत असू. ती पुरती नाहीशी व्हावयास पाच पावसाळे लागले. शिपाईमामा तोवर निवृत्त झाले होते. कधी शाळेत आले, तर गुलाबाच्या वाफ्यांची चौकशी ते पडवीतूनच करीत. खाली उतरत नसत.