शस्त्रक्रियेपूर्वीची भीती

१२ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याच्या तुरुंगातील कैदी महात्मा गांधी यांना आंत्रपुच्छाच्या दाहावरील शस्त्रक्रियेसाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात आणण्यात आले. आपल्या माहितीचे डॉक्टर मुंबई-बडोद्याहून यावेत अशी त्यांची इच्छा होती. परंतु ते वेळेवर पोचणे शक्य झाले नाही आणि विलंब धोक्याचा होता. तेव्हा मित्र या नात्याने व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांना बोलावण्यात आले. शास्त्री मूळचे तंजावरकडील. स्वामीमलै व कुंभकोणम् यांच्या परिसरातील वलंगैमान हे त्यांचे जन्मगाव. संमतीचे निवेदन त्यांनीच लिहून घेतले. आजाराचे स्वरूप कर्नल मॅडॉक यांनी आपणांस समजावून सांगितले असून त्यांच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे, असा त्याचा आशय होता. सही करताना मात्र गांधींचा हात थरथरला आणि त्यांनी ते स्वतःच डॉक्टरांच्या नजरेस आणून दिले.

हा कंप भीतीचा होता की आजाराने आलेल्या अशक्ततेचा, हे आज कोणीही ठरवू शकणार नाही. रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरासही ते पुष्कळदा ठरविता येत नाही. कारण भीती ही केवळ मनाची अवस्था नसून शरीराचीही क्रिया आहे. संकटाची जाणीव होताच मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन हे द्रव्य रक्तात सोडतात. हृदय जलद चालू लागते, रक्तदाब चढतो, तळहातांस घाम सुटतो, तोंडास कोरड पडते. पळून जाण्यास किंवा झुंजण्यास ही तयारी उपयोगी खरी. परंतु खाटेवर निश्चल पडून राहावयाचे असेल तेव्हा तिचा जाचच होतो. अतिशय घाबरलेल्या रुग्णास भूल देण्यास बहुधा अधिक औषध लागते व शस्त्रक्रियेनंतर वेदनाही अधिक जाणवतात. म्हणून धीट मनुष्यासही भीती वाटली तर त्यास भित्रा म्हणणे शास्त्रास धरून नाही.

या भीतीवर बोलणे हाच एक उपचार होऊ शकतो काय, हा प्रश्न बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात एग्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. पोटावरील शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांपैकी ४६ जणांना भूलतज्ज्ञाने आदल्या दिवशी भेटून नंतर वेदना कोठे होतील, त्या किती काळ टिकतील, स्नायू सैल कसे सोडावेत व कुशीवर कसे वळावे, हे सांगितले. वेदना होणारच नाहीत असे खोटे आश्वासन दिले नाही. कोणास असे सांगितले आहे, हे शल्यचिकित्सकांना ठाऊक नव्हते. १९६४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या ४६ जणांना वेदनाशामक अफूजन्य औषधे इतरांच्या सुमारे निम्मीच लागली व त्यांस सरासरी २.७ दिवस अगोदर घरी सोडता आले. इतक्या स्वस्त औषधाचा एवढा गुण क्वचितच दिसून येतो.

अर्थात सर्वांनाच सर्व काही ऐकावयाचे असते असे नाही. १९९६ साली ॲम्स्टरडॅम येथे तयार झालेल्या सहा प्रश्नांच्या मोजपट्टीत चार प्रश्न भीतीविषयी, तर दोन माहितीच्या इच्छेविषयी आहेत. ही विभागणी शहाणपणाची आहे. झोपेच्या गोळीने मन शांत होते. परंतु वृद्धांस तिची गुंगी नंतर त्रासदायक ठरते, आणि ‘मी भुलीतून जागा होईन ना?’ या प्रश्नाचे उत्तर ती देत नाही.

आपल्याकडे नातेवाईक बहुधा ‘काही नाही, लहानसे आहे’ असे सांगून वेळ मारून नेतात. मग रुग्ण शेजारच्या खाटेवरील अनुभवी मनुष्यास विचारतो, आणि त्याची कहाणी नेहमीच अधिक भयंकर असते. त्यापेक्षा शंका कागदावर टिपून त्या भूलतज्ज्ञासच विचाराव्यात. उपाशी राहण्याचे कारणही त्यातच विचारावे: भुलीत पोटातील अन्न वर येऊन श्वासमार्गात शिरू नये, एवढ्यासाठीच ते असते. सामान्यतः घन आहार सहा तास आधी, तर साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. रुग्णपरत्वे त्यात फरक पडतो.