अंगणांतील बाग व पाण्याचा हिशेब

मृगाचा पाऊस पडला कीं पुष्कळांच्या मनांत बाग लावावी असें येतें. पण वैशाखापर्यंत त्यांतील कित्येक रोपें वाळून जातात. दोष मातीचा नव्हे. तापीच्या खोऱ्यांतील काळी माती कसदार आहे. आपण बाग आंखतों ती पावसाळ्यांतील पाण्यावर, आणि ती जगवावी लागते उन्हाळ्यांत. जळगांव-भुसावळाकडे मे महिन्यांत कित्येक वर्षीं पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. यास्तव खानदेशांत बागेची आंखणी पाण्यापासून सुरू करावी.

हा धडा आपल्या पूर्वजांनींच घालून दिला आहे. धुळें जिल्ह्यांत पांझरा नदीवर बंधारे बांधून पाटानें शेतांस पाणी देण्याची जुनी रीत आहे. तीस ‘फड पद्धत’ म्हणतात. बागाइताचे बहुधा चार फड पाडीत, एका फडांत एकच पीक घेत, व पाटकरी क्रमानें पाणी देई. नदीस पाणी कमी दिसल्यास एखादा फड पडीत ठेवीत. थोडें लावावें, परंतु लावलेलें मरूं देऊं नये, हें त्यांतील तत्त्व होय.

अंगणाचेही असेच चार भाग करावे : झाडें, वेल, भाजी व फुलें. यावल-रावेराकडील केळीचे बागाइतदार बागेच्या कडेस शेवरी लावून उष्ण वारा अडवितात. त्याचप्रमाणें घराच्या पश्चिमेस कडुनिंब लावावा, म्हणजे दुपारची झळ कमी होते.

ज्येष्ठांत पावसापूर्वीं खड्डे खणून शेणखत घालावें. पावसाळ्यांत काळ्या मातींत पाणी तुंबून मुळें कुजतात, म्हणून वाफे उंच करावे व चर काढावे. गिलकीं, दोडकीं व झेंडू यांचा हा काळ. हिवाळ्यांत मेथी, कोथिंबीर, भरिताचीं वांगीं व शेवंती यावीं. फाल्गुनांत भाजीचा भाग मोकळा करून त्याचें पाणी झाडांस द्यावें. उन्हाळ्यांत जमीन भेगाळते व भेगांतून ओल उडून जाते. तेव्हां वरची माती हलकेच खुरपून भेगा बुजवाव्या, आळ्यांत पालापाचोळा पसरावा आणि पाणी सायंकाळीं घालावें.

आतां एक उदाहरण सोडवूं. भाजी व तांदूळ धुतलेलें पाणी घरांत रोज दोन बादल्या उरतें असें समजा. एका लहान झाडास एक दिवसाआड एक बादली धरल्यास चार झाडें जगतील. पांचव्या झाडाचें पाणी कोणीतरी वाहून आणावें लागेल. आणि तें कोणीतरी म्हणजे बहुधा आईच असते.

म्हणून मुलांनों, रोप आणण्यापूर्वीं घरांतील बादल्या मोजा. पालकांसही विनंती कीं, मुलाच्या हातीं एकच झाड द्यावें, पण त्याची बादलीही त्याच्याच हातीं द्यावी. पुढल्या मृगापर्यंत तें झाड जगलें, तर दुसरें लावण्याचा अधिकार त्यास आपोआप मिळेल.