बदनाम जातीचा कुत्रा घरीं पाळावा काय ?

कोकणांत ज्या घरास अंगण आहे त्या घरास बहुधा कुत्राहि असतो. आंब्याच्या बागेंत वानरांवर धांवून जाणें, रात्रीं परक्याची चाहूल लागतांच घरच्यांस जागें करणें, हीं कामें आपला गांवठी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे; आणि तीं करतां करतां पुष्कळदां बिबट्याच्या तोंडींहि पडला आहे. त्याची जात कोणी विचारली नाहीं. अलीकडे मात्र मुलांच्या बोलण्यांत पिटबुल, रॉटवायलर, डॉबरमन अशीं नांवें येऊं लागलीं आहेत. गेल्या वर्षीं एका विद्यार्थ्यानें भर वर्गांत आम्हांस विचारलें, "सर, बाबा रॉटवायलर आणावयाचा म्हणतात, आई नको म्हणते. कोणाचें खरें ?" तेव्हां तास संपत आला होता, आणि खरें सांगावयाचें तर उत्तरहि तयार नव्हतें. तें येथें देण्याचा प्रयत्न करितों.

आईची भीति निराधार नाहीं. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यांत गोव्यांत हणजूण येथें सात वर्षांच्या एका मुलाचा पिटबुलाच्या हल्ल्यांत अंत झाला. त्याच्या दोन वर्षें आधीं, जुलै २०२२ मध्यें, लखनौ येथें ८२ वर्षांच्या एका वृद्धेस घरच्याच पिटबुलानें ठार केलें. तेथें बळी पडला तो चोर नव्हे, घरचें माणूस, हें विसरून चालणार नाहीं.

१२ मार्च २०२४ रोजीं केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानें राज्यांस पत्र लिहून पिटबुल, रॉटवायलर, तोसा इत्यादि २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबविण्यास सांगितलें. पुढच्याच महिन्यांत कर्नाटक उच्च न्यायालयानें तें पत्र रद्द केलें. यावरून कित्येकांनीं असा समज करून घेतला कीं, न्यायालयानें या कुत्र्यांस निर्दोष ठरविलें. तसें झालेलें नाहीं. ज्यांचा या गोष्टीशीं संबंध येतो त्यांचें म्हणणें ऐकून न घेतां निर्णय झाला, हा आक्षेप होता. रीतसर विचार करून सरकारनें पुन्हां नियम करण्यास अडकाठी ठेविली नव्हती. गोवा सरकारनेंहि हणजूणच्या घटनेनंतर पिटबुल व रॉटवायलर यांवर बंदी घालण्याचा निर्णय जाहीर केला. ब्रिटनमध्यें तर १९९१ सालींच कायदा होऊन चार जातींवर बंदी आली होती. तरीहि २०२३ च्या अखेरीस 'एक्सएल बुली' हें पांचवें नांव त्या यादींत घालावें लागलें. यादी करणारा एक नांव खोडतो, तोंवर पैदास करणारा दुसरें तयार करितो.

मग दोष जातीचा कीं माणसाचा ? थोडा इतिहास पाहूं. इंग्लंडांत बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ चाले. त्यासाठीं बुलडॉग व टेरियर यांच्या संकरांतून जी चिवट, एकदां धरलें कीं न सोडणारी जात निघाली, ती पिटबुलाची पूर्वज. १८३५ सालीं कायद्यानें तो खेळ बंद झाला, तेव्हां लोक कुत्र्यांच्याच झुंजी लावूं लागले. रॉटवायलराचें कूळ निराळें. जर्मनींतील रॉटवाइल गांवच्या खाटकांचीं गुरें हांकणें व त्यांची गाडी ओढणें हें त्याचें काम. डॉबरमन हा त्याच देशांतील अपोल्डा गांवीं लुई डॉबरमन नांवाच्या करवसुली करणाऱ्या गृहस्थानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केला. कर मागावयास निघालेल्या माणसास कशा सोबत्याची गरज वाटत असेल, हें वाचकांस सांगावयास नको.

आमच्या लहानपणीं अशीच दहशत 'अल्सेशियन'ची होती. पहिल्या महायुद्धांत जर्मन या शब्दाचाच इंग्रजांस तिटकारा आला, म्हणून त्यांनीं जर्मन शेफर्डास दिलेलें तें नांव; हें आम्हांस फार उशिरां कळलें. तोच कुत्रा आज पोलिसांबरोबर हिंडतो आणि मुलें त्याच्याकडे कौतुकानें पाहतात.

२०२२ सालीं अमेरिकेंत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागणुकींत जो फरक दिसतो, त्यांपैकीं सुमारें ९ टक्क्यांचाच उलगडा जातीवरून होतो, असें त्यांत आढळलें. हा आंकडा बाबांच्या बाजूचा वाटेल. परंतु त्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. कुत्रा किती रागीट निघेल हें जातीवरून फारसें कळत नसलें, तरी तो चावलाच तर काय होईल हें त्याच्या देहावरून स्पष्ट कळतें. गांवठी कुत्रा बहुधा दांत लावून मागें सरतो. चाळीस-पन्नास किलो वजनाच्या, धरून ठेवणाऱ्या कुत्र्याच्या हातून तीच चूक एकदां झाली, तर लहान मुलास दुसरी संधि मिळत नाहीं. आमच्या मतें सर्व वादाचें मर्म येथें आहे.

आणि चूक बहुधा घरच्यांचीच असते. पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत त्याला माणसें, मुलें, नाना प्रकारचे आवाज यांची जी ओळख होते ती जन्मभर पुरते. नेमका हा काळ अनेक पिल्लें विक्रेत्याच्या पिंजऱ्यांत काढितात. मग घरीं आणून त्यास जिन्याखालीं साखळीनें बांधतात आणि 'तिखट व्हावा' म्हणून कोणाशीं मिसळूं देत नाहींत. तो गुरगुरला कीं छडी मारतात. गुरगुरणें ही त्याची सूचना असते. ती मार देऊन बंद केली कीं तो सूचना न देतां चावूं लागतो. अंग ताठ करणें, मान फिरविणें, डोळ्यांचें पांढरें दाखविणें, या खुणा मोठ्यांसहि कळत नाहींत. मग गळ्यांत पडणाऱ्या तीन वर्षांच्या बाळास कोठून कळाव्यात? शेपूट हलते म्हणजे कुत्रा खुषींतच आहे, असेंहि नव्हे.

आमच्या पावसाळ्यांतील गोचिडांचा व दमट उकाड्याचा त्रास वेगळाच. शिवाय पाळलेल्या जनावराबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घातल्यास भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वयें सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात. कुत्रा कोणताहि असो, चावल्यास हळद, चुना, मिरची न लावतां जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी व तत्काळ दवाखाना गांठावा. पिसाळलेल्या कुत्र्याचें विष लक्षणें दिसूं लागल्यावर बहुधा उतरत नाहीं. आणि तें जात पाहून येत नाहीं.

त्या विद्यार्थ्यास पुढें आम्हीं तीनच प्रश्न विचारले. घरीं सर्वांत लहान कोण ? "धाकटी बहीण, चार वर्षांची." दिवसा कुत्र्यापाशीं कोण राहील ? "आजी." त्याला रोज तासभर कोण फिरवील ? यावर तो गप्प राहिला. तेव्हां आम्ही म्हणालों, तुझ्या आईचें खरें; ज्या घरीं लहान मूल नाहीं, कुंपण पक्कें आहे आणि कुत्र्यास शिकविण्याची ज्यांस हौस व फुरसत आहे, तेथें रॉटवायलरहि गुण्यागोविंदानें नांदेल, पण तें घर आज तुमचें नव्हे.

तो हिरमुसला. दोन महिन्यांनीं मात्र एके सकाळीं उशिरां शाळेंत आला, बाह्यांवर तांबड्या मातीचे पंजे उमटलेले. कारण विचारतां म्हणाला, शेजारच्या वाडींतलें गांवठी पिल्लू आणलें आहे, आज त्याला लस टोचावयाची होती, आणि जनावरांच्या दवाखान्यांत पुढें चार म्हशी होत्या.